तीन कोर्स झाले, आता मुलीच्या पोटातले चांगले बॅक्टेरिया संपले का?

ताई, आधी एका वाक्यात सांगते म्हणजे आज रात्री झोप तरी लागेल. नाही, संपले नाहीत, बहुतेक सगळे परत येतात, फक्त वेळ लागतो, आणि त्यांना परत आणायचं काम मेडिकलवाल्याने दिलेली ती कुपी करत नाही. आता सविस्तर.

तुम्ही जे लिहिलंय ते बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगते. मुलगी सव्वादोन वर्षांची, जूनमध्ये प्लेग्रुपला घातली आणि सप्टेंबरपर्यंत तीन अँटिबायोटिक झाली. पहिलं हिरवा शेंबूड आणि खोकला म्हणून अझिथ्रोमायसिन, दुसरं दोन दिवस ताप होता म्हणून 'टायफॉइड असू शकतो' असं सांगून सेफिक्झिम, आणि आता कान दुखून रात्रभर रडली म्हणून अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट, म्हणजे तुमच्या भाषेत ते 'क्लॅववालं'. चौथ्या दिवसापासून दिवसाला पाच-सहा पातळ शी, ढुंगण लाल. सासूबाई म्हणतात दही बंद करा, मेडिकलवाल्याने प्रोबायोटिकच्या (म्हणजे पोटासाठी चांगल्या जिवंत जंतूंच्या) दहा कुप्या हातात दिल्यात, आणि मैत्रिणीने सांगितलं की अशा मुलांना पुढे दमा आणि लठ्ठपणा होतो. क्रम जरा इकडेतिकडे होईल, ओपीडी संपवून लिहितेय.

माझं क्लिनिक दादरला आहे, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, त्यामुळे मी आईबाबांना हे नेहमी फेरीवाल्यांवरून समजावते. दादर वेस्टला सकाळपासून फुटपाथवर प्रत्येकाची जागा ठरलेली असते, भाजीवाली इथे, गजरेवाला तिथे, हेअरक्लिपवाला कोपऱ्यात. म्युन्सिपालटीची गाडी आली की दोन मिनिटांत सगळं साफ. गाडी कोणाला बघून उचलत नाही, जो हाताला लागेल तो. आणि गाडी गेली की सगळ्यात आधी परत कोण बसतं? ज्याचं सामान एका चादरीत मावतं तो. बाकीचे हळूहळू येतात, आणि एखादी म्हातारी भाजीवाली आठवडाभर दिसतच नाही. पोटात अगदी हेच होतं. कानातला जंतू मारायला दिलेलं औषध पोटातूनच जातं, तिथे ज्यांचा काही दोष नाही असे बॅक्टेरियाही उडतात, आणि मोकळ्या जागेवर आधी पसरतात ते भराभर वाढणारे, त्यात कधीकधी यीस्ट म्हणजे बुरशीही आली. ढुंगण लाल होण्याचा तिच्याशी संबंध असू शकतो, त्याबद्दल खाली लिहिते.

आता शी पातळ का होते? लोकांना वाटतं औषध 'गरम पडलं'. तसं काही नाही. मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया आपल्याला न पचलेले पदार्थ, मुख्यतः फायबर आणि काही साखरा, आंबवून त्यांची छोटी आम्लं बनवतात. त्यातलं ब्युटिरेट हे तर मोठ्या आतड्याच्या आतल्या पेशींचं मुख्य जेवण आहे. आंबवणारे कमी झाले की त्या साखरा तशाच राहतात, पाणी ओढून घेतात आणि शी पातळ होते. त्यात क्लॅव्ह्युलॅनेटची स्वतःची वेगळी खोड आहे, ते आतड्याची हालचालच वाढवतं, म्हणून नुसत्या अ‍ॅमॉक्सिसिलिनपेक्षा 'क्लॅववाल्या'ने पोट जास्त बिघडतं. एक बारीक गोष्ट सांगते जी बाटलीवर असते पण कोणी वाचत नाही. ह्या सिरपची वेगवेगळी स्ट्रेंग्थ येते, २२८ आणि ४५७ वाल्यांत क्लॅव्ह्युलॅनेटचं प्रमाण कमी असतं (सात भागाला एक), जुन्या १५६ आणि ३१२ वाल्यांत जास्त (चार भागाला एक). पहिल्या प्रकारात जुलाब कमी होतात. म्हणून मेडिकलवाला 'तेच आहे, फक्त दुसरं आलंय' म्हणाला तर घेऊ नका, आधी फोन करून विचारा, कारण मिलीलिटरचा हिशोबही बदलतो. आणि हे औषध जेवायला बसताना, पहिल्या घासाबरोबर द्या, पोटाला त्रास कमी होतो आणि शोषलंही नीट जातं.

अँटिबायोटिकने जुलाब होणं ह्यात तुमची मुलगी काही जगावेगळी नाही, अभ्यासांमध्ये साधारण ५ ते ३० टक्के मुलांना होतात, औषध कुठलं आणि वय किती त्यावर अवलंबून. बहुतेकांचं औषध थांबल्यावर काही दिवसांत आपोआप बसतं.

पण शी घट्ट झाली म्हणजे आतली वस्ती पूर्वीसारखी बसली असं नाही, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा गोंधळ इथेच होतो. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात (२०१८ साली छापला गेला) १२ निरोगी पुरुषांना मुद्दाम तीन जबरदस्त अँटिबायोटिक एकत्र चार दिवस दिली, आपण कानासाठी देतो त्याच्या कितीतरी पट तगडी. दीड महिन्यात बहुतेकांच्या पोटातली वस्ती जवळपास पहिल्यासारखी झाली, पण आधी सगळ्यांकडे असलेल्या ९ जाती सहा महिन्यांनीही बहुतेकांत सापडल्या नाहीत. म्हणजे माझी ती म्हातारी भाजीवाली. ही मोठी माणसं होती हे लक्षात ठेवा.

मुलांचं जरा वेगळं असतं, कारण त्यांची वस्ती अजून बसतच असते. जन्माच्या वेळी सुरुवात होते, आईच्या दुधावर वाढणारे बायफिडोबॅक्टेरिया पहिले काही महिने राज्य करतात (आईच्या दुधात काही साखरा अशा आहेत ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या मुख्यतः ह्या बॅक्टेरियांचं जेवण म्हणून असतात, मला हे अजूनही दरवेळी सांगताना भारी वाटतं), मग वरणभात सुरू झाला की नवीन मंडळी येतात, आणि साधारण तीन वर्षांपर्यंत मोठ्यांसारखी रचना होते. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत वारंवार अँटिबायोटिक देताना आम्ही जास्त विचार करतो, करायला पाहिजे.

आणि सगळी अँटिबायोटिक सारखी नाहीत. फिनलंडमध्ये २ ते ७ वर्षांच्या १४२ मुलांच्या शीचे नमुने तपासले, २०१६ चा अभ्यास आहे. त्यात अझिथ्रोमायसिनच्या गटातली औषधं, म्हणजे मॅक्रोलाइड, घेतलेल्या मुलांच्या पोटातला बदल दीर्घकाळ टिकलेला दिसला, बायफिडो ज्या गटात येतात तो गट कमी झाला, आणि त्या औषधाला दाद न देणारे जंतू वाढले. पेनिसिलिनच्या गटाचा ठसा त्या मानाने फिका होता, आणि तुमचं अ‍ॅमॉक्सिसिलिन ह्याच गटातलं. आता गंमत बघा, आपल्याकडे आईबाबांना 'क्लॅव' हेवी वाटतं आणि अझिथ्रो 'हलकं, तीनच दिवसांचं'. तीन दिवसांचं असतं कारण ते शरीरात रेंगाळतं, शेवटच्या डोसनंतरही बरेच दिवस टिश्यूंमध्ये राहतं. हलकं वगैरे काही नाही. तुमच्या तीन कोर्सपैकी मला सगळ्यात जास्त खटकला तो पहिलाच, शेंबडासाठीचा.

दमा आणि लठ्ठपणाचं म्हणाल तर त्याच अभ्यासात, आणि इतरही काही अभ्यासांत, लहानपणी जास्त अँटिबायोटिक घेतलेल्यांत त्यांचं प्रमाण जास्त दिसलंय, ते मी नाकारत नाही. पण ज्या बाळाला लहानपणापासून छातीत घरघर होते त्यालाच जास्त अँटिबायोटिक लिहिली जातात आणि पुढे दम्याचं निदानही त्याचंच होतं, मग आधी कोंबडी की अंडं? बॅक्टेरियांचा वाटा असेलही, पण तीन कोर्स झाले म्हणून तुमच्या मुलीला दमा होणार, हे कोणीही सांगू शकत नाही. मैत्रिणीला चहा पाजा आणि विषय बदला.

आता त्या कुप्या. प्रोबायोटिक कामाचं आहे का तर हो, एका ठरावीक कामासाठी. मुलांवरच्या ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१९ मध्ये आला, त्यात अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक दिलेल्यांत जुलाब ८ टक्के मुलांना झाले, न दिलेल्यांत १९ टक्के. फरक चांगला आहे. पण हे जुलाब होऊ नयेत म्हणून, म्हणजे अँटिबायोटिकच्या पहिल्या दिवसापासून सुरू केलं तर, आणि कुठलंही चालतं असं नाही. ज्या दोनांसाठी पुरावा बरा आहे ती म्हणजे लॅक्टोबॅसिलस र्‍हॅम्नोसस जीजी आणि सॅकरोमायसिस बोलार्डी. हे दुसरं बॅक्टेरिया नाहीच, यीस्ट आहे, गेल्या शतकात एका फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात कॉलऱ्याच्या साथीत लिची आणि मँगोस्टीनच्या सालींच्या काढ्यातून सुचलं. यीस्ट असल्यामुळे अँटिबायोटिक त्याला मारत नाही, दोन्हींत अंतर ठेवायची कटकट नाही. जीजी मात्र दोन तासांचं अंतर ठेवून द्यावं. तुमच्याकडच्या कुप्यांत बहुतेक बॅसिलस क्लॉसी नावाच्या बॅक्टेरियाचे स्पोअर (म्हणजे झोपलेल्या अवस्थेतले जंतू) असणार, आपल्याकडे तेच सर्रास देतात, नुकसान सहसा करत नाही पण ह्या कामासाठी त्याचा पुरावा वरच्या दोघांइतका भक्कम नाही. आणून ठेवल्यात तर द्या, नाही दिल्या तरी काही बिघडणार नाही. फक्त जे मूल आयसीयूत आहे, गळ्याजवळ सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली नळी) आहे किंवा कीमो चालू आहे, त्याला कुठलंच प्रोबायोटिक आपल्या मनाने देऊ नका, तिथे हेच यीस्ट रक्तात जाऊ शकतं.

आणि कोर्स झाल्यावर 'वस्ती परत बसवायला' म्हणून महिना-दोन महिने प्रोबायोटिक चालू ठेवायचं जे फॅड आलंय, त्याला मी तरी साथ देत नाही. इस्राएलमध्ये २०१८ साली मोठ्या माणसांवर अभ्यास झाला, त्यात अँटिबायोटिकनंतर ११ जातींचं प्रोबायोटिक दिलेल्यांची मूळ वस्ती परत यायला उलट उशीर लागला, ज्यांना काहीच दिलं नाही त्यांची लवकर आली. परत फुटपाथवर या, बाहेरून ट्रकभर नवीन माणसं आणून बसवली तर जुन्यांना जागा कुठली? मुलांवर असंच होईल असं त्यातून सिद्ध होत नाही, पण अडीच हजारांचे डबे घेण्याआधी विचार करायला पुरेसं आहे. घरी किट मागवून शीतल्या बॅक्टेरियांची टेस्ट करायची तीही तशीच, रंगीत रिपोर्ट येतो, त्यावरून कुठलाही डॉक्टर उपचार बदलत नाही.

मग करायचं काय? खाणं. जे उरलेत त्यांना जेवू घाला, ते आपोआप वाढतात. सासूबाईंना सांगा दही बंद करायची गरज नाही, उलट घरी विरजलेलं ताजं दही दोन वाट्या गेलं तरी चालेल, पातळ शी चालू असताना दुधापेक्षा दही बरं सोसतं कारण त्यातली लॅक्टोज साखर थोडी कमी झालेली असते. पाऊस आहे, सर्दी होईल, घसा धरेल, हे मी रोज ऐकते, सर्दी व्हायरसने होते, वाटीने नाही. (माझ्या स्वतःच्या सासूबाईंनी वीस वर्षं माझं हे ऐकून घेतलं आणि नातवाला श्रावणात दही दिलं नाही ते नाहीच.) पण दही म्हणजे मोजूनमापून दिलेलं प्रोबायोटिक नव्हे, प्रत्येक घरच्या विरजणात काय आहे ते देवाला माहीत, ते चांगलं जेवण म्हणून द्या. एक अँटिबायोटिकचा गट आहे, सिप्रोफ्लॉक्सासिनवाला, तो दुधादह्याबरोबर नीट शोषला जात नाही, तो कधी दिला असेल तर अंतर ठेवा, सध्याच्या औषधाला तो प्रश्न नाही.

इडली-डोसा आंबवलेलं म्हणून 'बॅक्टेरिया मिळतात' असं लोक सांगतात, अहो वाफेत सगळे मरतात. इडली द्या, जरूर द्या, पचायला छान, पण बॅक्टेरियांसाठी नाही. त्यांना हवंय फायबर आणि न पचणारा स्टार्च. केळं, जरा कमी पिकलेलं असेल तर जास्त चांगलं, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, भोपळा, गाजर, शी घट्ट झाल्यावर ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, उसळीचं पाणी नाही तर उसळच. भात शिजवून थंड झाला की त्यातला काही स्टार्च न पचणारा होतो, म्हणून फोडणीचा भात वाईट नाही, फक्त रात्रभर ओट्यावर ठेवलेला भात मुलांना नको, मुंबईच्या हवेत त्यात बॅसिलस सीरियस नावाचा जंतू वाढतो आणि त्याचं विष गरम करूनही जात नाही. फ्रीजमध्ये ठेवलेला, वाफ येईपर्यंत गरम केलेला चालेल. बिस्किटं, पॅकेटातला ज्यूस, 'पचायला हलकं' म्हणून दिलेलं साबुदाण्याचं गोड पाणी, ह्यातून ह्या मंडळींना काही मिळत नाही आणि ज्यूसने जुलाब वाढतात.

पाण्याचं सांगायचं राहिलं. दर पातळ शीनंतर तिच्या वयाला १०० ते २०० मिली ओआरएस, चमच्या-चमच्याने. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात घाला. अर्धं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये असला हिशोब करू नका, साखर-मीठ खाली बसलेलं असतं, प्रमाण चुकतं. आणि टेट्रापॅकमध्ये सफरचंदाच्या, संत्र्याच्या चवीचं जे मिळतं ते ओआरएस समजून देऊ नका, बहुतेकांत साखर भरमसाट असते. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघा.

औषध मनाने बंद करू नका. ज्यांनी दिलंय त्यांना फोन करा, दिवसाला पाच-सहा आहेत, मूल खेळतंय, लघवी होतेय तर बहुतेक वेळा कोर्स पूर्ण करता येतो. शीत रक्त किंवा आव दिसली, सहा-आठ तास लघवी नाही, डोळे खोल गेले, सगळं उलटून पडतंय, मूल मलूल आहे, तर रात्र असली तरी निघा. आणि जुलाबावर अजून एक अँटिबायोटिक कोणी दिलं, ते ऑफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल एकत्र असलेलं सिरप आपल्याकडे अगदी चहासारखं वाटलं जातं, तर 'कशासाठी' हे विचारल्याशिवाय सुरू करू नका. पोटातले बहुतेक बॅक्टेरिया ऑक्सिजनशिवाय जगणारे असतात आणि मेट्रोनिडाझोल नेमकं त्यांनाच मारतं.

लाल ढुंगणाचं आता. नेहमीचं क्रीम लावून दोन-तीन दिवसांत कमी झालं नाही, मांडीच्या घडीतही लाल आहे आणि कडेने सुटे लाल ठिपके आहेत, तर ती बुरशी, तिला अँटिफंगल मलम लागतं, डॉक्टरांना दाखवा. डायपर शक्य तितका वेळ काढून ठेवा, वाइप्सऐवजी साधं पाणी.

आता जे तुम्ही विचारलं नाहीत ते. ह्या तीनातलं गरजेचं कुठलं होतं? मी मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे जपून बोलते. कानाचं पटतं. दोन वर्षांच्या आसपासचं मूल, रात्रभर दुखणं, पडदा लाल फुगलेला दिसला असेल तर अँटिबायोटिक योग्यच, तिथे बॅक्टेरियांची काळजी करत बसायचं नसतं. तसंच न्यूमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, खरा टायफॉइड. ह्या औषधांनी मुलं वाचतात, हे पोटाच्या काळजीत विसरायला होतं. हिरव्या शेंबडाला मात्र नाही, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींचा असतो, साध्या व्हायरल सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. प्लेग्रुपच्या पहिल्या वर्षी सहा-आठ सर्द्या होणं नॉर्मल आहे, प्रत्येकीला एक कोर्स धरला तर वर्षभर मूल औषधावरच. दुसऱ्या दिवसाच्या तापाला 'टायफॉइड असेल' म्हणून सेफिक्झिम हेही मला पटत नाही, विडाल टेस्ट (टायफॉइडची रक्ततपासणी) तेव्हा काहीच सांगत नाही, खरंच शंका असेल तर औषध सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर घ्यायचं, म्हणजे रक्तात जंतू वाढतो का ते बघायचं. टायफॉइडची कॉन्जुगेट लस दिली नसेल तर देऊन टाका, नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी ती मोहीम म्हणून दिली होती. न्यूमोकोकलची लसही बघा घेतली आहे का, कानाचे आणि छातीचे काही कोर्स त्यानेच वाचतात.

आणि लांब कोर्स म्हणजे चांगला कोर्स असंही नाही. आपल्याच देशातल्या ७ हॉस्पिटलांत २१८८ मुलांवर अभ्यास झाला होता, २००४ साली छापला गेला, साध्या न्यूमोनियाला अ‍ॅमॉक्सिसिलिन ३ दिवस आणि ५ दिवस, बरं होण्याचं प्रमाण दोन्हीकडे साधारण ९० टक्के. म्हणून किती दिवस द्यायचं हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा आणि तितकेच दिवस द्या, कमी नाही, जास्तही नाही.

हे सगळं मी आज शहाणपणाने लिहितेय पण सुरुवातीच्या वर्षांत मीही अशी अँटिबायोटिक लिहिलीत, शनिवारी रात्री साडेनऊला, आई नोकरी करणारी, सोमवारी सुट्टी नाही, पाळणाघराने सांगितलेलं की शेंबूड थांबल्याशिवाय आणू नका, आणि बाबा विचारतात 'मॅडम, काहीतरी स्ट्राँग द्या ना'. नाही म्हणायला दहा मिनिटं लागतात, लिहायला दहा सेकंद, आणि बाहेर चौदा पेशंट. आता मी दहा मिनिटं घेते आणि काही लोक समोरच्या डॉक्टरकडे जातात. जाऊ देत. तुम्ही मात्र पुढच्या वेळी एवढंच विचारा, 'डॉक्टर, दोन दिवस थांबून बघितलं तर चालेल का?' चांगला डॉक्टर ह्या प्रश्नाने चिडत नाही, बहुतेकांना सुटल्यासारखं वाटतं, मला तरी वाटतं.

शेवटी फ्रीजच्या दारात बघा. पाणी घालून केलेलं क्लॅव सिरप सात दिवसांनंतर वापरायचं नसतं, पण मुंबईतल्या दर दुसऱ्या फ्रीजमध्ये ते केचपशेजारी पुढच्या सर्दीची वाट बघत उभं असतं. कोर्स संपला की उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, एखाद्या वापरलेल्या डायपरमध्ये ओता, गुंडाळून कचऱ्यात टाका. आणि दोन दिवसांनी शीचं कसं आहे ते कळवा.